पुळणीवरच्या नोंदी

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने निबंधात एक वाक्य लिहिले होते. त्या दिवशी भांगाचे पाणी असल्यामुळे आजी खडपावर गेली नव्हती, अशा अर्थाचे. आम्ही 'भांगाचे' या शब्दाखाली लाल रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह काढले आणि 'खडपावर'च्या जागी 'खडकावर' अशी दुरुस्ती केली. मुलगा काही बोलला नाही. पुढे दापोलीकडच्या एका सहकाऱ्याशी सहज गप्पा मारताना कळले, की अष्टमीच्या आगेमागे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, पाणी फारसे मागे हटत नाही, त्या पाण्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेचे ते उधाण. भांग असला की किनाऱ्यालगतचे खडकाळ पट्टे, म्हणजे खडपे, पुरती उघडी पडत नाहीत. तेव्हा कालवे काढायला जाण्यात अर्थ नसतो. मुलाच्या वाक्यात चूक तर नव्हतीच, उलट आमच्या दुरुस्तीनंतर उरलेल्या वाक्यापेक्षा ते कितीतरी नेमके होते.

आम्ही दोघे एकाच शहरातील दोन महाविद्यालयांत मराठी शिकवतो. प्रादेशिक कादंबरी, कोकणचे वाङ्मयीन दर्शन वगैरे विषयांवर व्याख्याने देण्याचा आमचा अनुभव वीस वर्षांच्या घरात आहे. त्या लाल रेघेची बोचणी मनात होतीच. यंदा फाल्गुनात चार दिवसांची सवड मिळाली, तेव्हा एक व्हॅन भाड्याने घेतली आणि किहीमपासून हर्णैपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, रमतगमत जाण्याचे ठरवले. बरोबर एक दुर्बीण, पक्ष्यांचे एक पुस्तक आणि दोनशे पानी वही. ज्याला अभ्यासदौरा म्हणतात तसे काही मनात नव्हते. परंतु वाटेत जे पाहिले त्यापेक्षा 'हे आजवर कोणी, कसे आणि कशासाठी पाहिले' हाच प्रश्न अधिक सोबत करीत राहिला. या टिपणाचा विषय तोच आहे.

१

किहीमला पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आले होते. पुळण दिसत नव्हती, पुळणीवरचे पक्षी दूरच राहिले. आमचे चालक मूळचे दापोली तालुक्यातले. त्यांनी गाडीला टेकून शांतपणे सांगितले, "सर, आज दशमी. साडेसातला भरती. पाणी आताच तुमच्या भेटीला आलंय, पक्षी दुपारी येतील."

हा हिशेब त्यांनी आम्हाला तिथेच शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. दहा तिथी म्हणजे साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचे. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. गणित ढोबळ आहे, पण चार दिवसांत त्याने आम्हाला दगा दिला नाही. चंद्राचे भ्रमण आणि समुद्राचे पाणी यांचा संबंध आम्ही शाळेत भूगोलात शिकलो होतो. तो पंचांगातून थेट जेवणाच्या वेळेपर्यंत आणून ठेवणारे हे सूत्र मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात भेटले नव्हते.

पाणी उतरेपर्यंत गावात हिंडलो. एका विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांना गेल्या पावसाळ्यातले सुगरणीचे वाळके खोपे लोंबत होते. किहीममध्ये खोपे पाहणे ही गोष्ट साधी नाही. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीतून प्रशिक्षण घेऊन परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी बंद झाली होती. बेकार अवस्थेत ते किहीमच्या कौटुंबिक घरी राहायला आले. घराजवळ सुगरणीची वसाहत होती. त्या पावसाळ्यात ते शिडीवर बसून रोज तासन्‌तास ती पाहत राहिले. त्यांच्या निरीक्षणांतून जे उलगडले ते १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खोपा नर विणतो. तो अर्धवट झाला की माद्या येऊन पारखतात. एखादीने पसंत केला की ती त्यात राहू लागते, नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा खोपा दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो.

मराठीच्या अध्यापकाला येथे थबकावेच लागते. आपल्या भाषेने या पक्ष्याला 'सुगरण' म्हटले आहे, म्हणजे विणकराला गृहिणी ठरवले आहे. बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता तर घराघरांत पाठ आहे आणि तिथेही घर बांधणारी ती आईच आहे. मग बहिणाबाई चुकल्या आणि सालिम अली बरोबर, असे म्हणून पुढे जायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. बहिणाबाईंनी खोप्यात पाहिले ते कौशल्य आणि कष्ट. हातांवाचून केलेले नाजूक काम पाहताना त्यांना आपल्याच जगातली सर्वांत कुशल व्यक्ती आठवली, आणि ती स्त्री होती. भाषेने दिलेले नाव पक्ष्याइतकेच नाव देणाऱ्यांविषयीही बोलते. सालिम अलींनी पाहिला तो पक्षी. पण खोपा कोण विणतो हे विचारण्याची गरजच आम्हाला वीस वर्षांत वर्गात वाटली नाही, ही गोष्ट मात्र ना बहिणाबाईंच्या खात्यावर जाते, ना सालिम अलींच्या. ती आमच्या खात्यावर.

दुपारी दीडला पाणी पार मागे गेले. ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचा थवा चार पावले धावे, थांबे, वाळूत चोच खुपशी, पुन्हा धावे. काहींच्या छातीवर तांबूस झाक चढू लागली होती. हिवाळाभर करडा दिसणारा हा पक्षी फाल्गुनात रंग धरू लागला की त्याचे परतीचे दिवस जवळ आले असे समजावे. हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर त्याची वीण होते. त्यांच्या पायांखाली बारीक खेकड्यांनी आपल्या बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडून ठेवली होती. हे खेकडे वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्नकण काढून घेतात आणि चोथा गोळी करून टाकतात. सहा तासांची ही रांगोळी पुढची भरती पुसून टाकते.

२

मुक्काम मुरूडला झाला. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत व्हॅन चढवली. लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात. राजपुरीच्या खाडीतून जंजिरा दिसतो. बोटीवरचे सगळे प्रवासी त्या बाजूला सरकले आणि अजिंक्य जलदुर्गाच्या गोष्टी सुरू झाल्या. बोटीच्या मागे मात्र कुरव पक्ष्यांचा घोळका पाण्यावर झेपावत होता. काहींची डोकी हिवाळी पांढरेपण सोडून तपकिरी होऊ लागली होती. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. आम्हीही आधी जंजिराच पाहिला, हे कबूल केले पाहिजे.

कोकणच्या किनाऱ्याचा लिखित इतिहास मुख्यतः किल्ल्यांचा आणि बंदरांचा इतिहास आहे. सिद्दी, आंग्रे, पोर्तुगीज, इंग्रज, पेशवे. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, १७५६ मध्ये बाणकोट इंग्रजांकडे गेला. या घटना तारीखवार सापडतात. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची पहिली सविस्तर, छापील यादी मात्र १८८० ची आहे. जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी तयार केली आणि ती 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कॅम्पबेलने संपादित केलेल्या गॅझेटियर मालिकेतला रत्नागिरी-सावंतवाडीचा खंडही १८८० चाच. म्हणजे महसूल, जाती, पिके, बंदरे आणि पक्षी यांची मोजदाद एकाच काळात, बहुधा एकाच प्रकारच्या तंबूत बसून झाली.

'स्ट्रे फेदर्स'चा संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. आपण त्याला १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारा म्हणून ओळखतो. तो त्या काळातला हिंदुस्थानातील सर्वांत मोठा पक्षिसंग्राहकही होता. १८७५ मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याची सफर करून त्याने तिचा वृत्तान्त पुढल्या वर्षी छापला. तोही किनारा पाहत होता, पण जहाजावरून आणि बंदुकीच्या नळीवरून. त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे तो मारून, त्याचे कातडे भरून, चिठ्ठी लावून ठेवणे. १८८५ मध्येच ह्यूमने आपला सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला. ज्या वर्षी एका राष्ट्राच्या राजकारणाला बैठक मिळाली, त्याच वर्षी त्या देशाच्या पक्ष्यांची पेट्यांत भरलेली कातडी लंडनला निघाली.

या कथेचा एक उपसंहार आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. ह्यूमने पंचवीसेक वर्षे जमवलेल्या टिपणांतून हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहायचा होता. १८८० च्या दशकात शिमल्याच्या त्याच्या घरातून त्या हस्तलिखितांची बाडे चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. त्यानंतर त्याचे पक्ष्यांवरून मनच उडाले. या प्रसंगाची हळहळ पक्षिशास्त्राच्या इतिहासात हमखास व्यक्त होते, आणि ती योग्यच आहे. पण एका अधिकाऱ्याची बाडे हरवली याची नोंद तरी राहिली. त्याला वाट दाखवणाऱ्या, होडीतून नेणाऱ्या खारव्या-भोयांच्या डोक्यात जे होते, ते कोणत्या रद्दीत गेले याचा हिशेब कोणाकडेच नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिकाही नियमाप्रमाणे केव्हाच रद्दीत गेली असणार.

मराठीने या शब्दांची दखलच घेतली नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात कोकणातील शब्दांना वेगळी खूण लावली आहे. उधाण, पुळण असे शब्द तिथे मान्यवर शब्दांच्या पंक्तीत बसलेले दिसतात. आमच्या काळात मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून फिरताना आदिवासी, धीवर, पारधी यांच्या तोंडची नावे ऐकली, टिपली आणि 'पक्षिकोश' मराठीला दिला. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचे जग प्रामुख्याने विदर्भातल्या जंगलांचे आणि तलावांचे. खाऱ्या पाण्याच्या काठावर त्यांच्यासारखा चाळीस वर्षे कान देऊन बसलेला माणूस मराठीला लाभला असता तर, असा विचार त्या बोटीत मनात आला.

३

तिसरा दिवस वेळासचा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी धरली आणि सावित्रीच्या खाडीपलीकडे वेसवीला उतरून आदल्या संध्याकाळीच गावात पोहोचलो होतो. श्रीवर्धन हे पेशवे घराण्याचे गाव, वेळास नाना फडणवीसांच्या पूर्वजांचे. दोन्ही गावांनी पुण्याला कारभारी पुरवले. आज मात्र वेळासची ओळख कासवांचे गाव अशी आहे आणि ती पुसणे कोणाही इतिहासकाराला यापुढे शक्य होणार नाही.

समुद्री कासवाची मादी रात्री पुळणीवर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. पुन्हा मागे वळून पाहत नाही. वाळूच्या उबेत साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्हे-कुत्री मिळून काढून नेत. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो ते साठीचे गृहस्थ संकोच न करता म्हणाले, "लहानपणी आम्ही खाल्लीत की. वाळूवरचा माग बघून काठीनं घरटं शोधायचं, ते माझ्या काकाइतकं कुणाला जमत नसे."

२००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली गोष्ट वरवर साधी होती. अंडी काढून नेणाऱ्यांनाच त्यांनी राखणीला बोलावले. अंडी काही तासांत उचलून कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची आणि वाट पाहायची. २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांची सोय होऊ लागली. पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांतही हे काम पसरले.

द्वादशीच्या पहाटे आम्ही कुंपणापाशी उभे होतो. राखणदाराने टोपली उचलली. खाली अकरा पिल्ले होती, तळहाताच्या अर्ध्याहून लहान, ओल्या काळ्या दगडासारखी. दोरीच्या अलीकडे सगळे जण गप्प उभे. पिल्ले समुद्राकडे चालू लागली. एक उलटे फिरले, थांबले, पुन्हा वळले. पहिली लाट आली आणि सगळ्यांना चार हात मागे आणून सोडून गेली. दुसऱ्या लाटेनंतर नऊ दिसत होती. मग पाच. मग पाणी. वर आकाशात एक घार घिरट्या घालत होती आणि राखणदार तिच्याकडे नजर लावून उभा होता. त्याचा तरुणपणीचा धंदा माग काढण्याचा होता, हे आम्हाला नंतर कळले.

या प्रसंगाला इतिहासात स्थान द्यायचे तर कोणत्या प्रकरणात? ह्यूम-व्हिडालच्या काळात पाहणे म्हणजे मारून नोंदवणे होते. सालिम अलींनी किहीमला जिवंत पक्षी त्याच्या घरट्यापाशी पाहिला, पण ते पाहणे एकट्या अभ्यासकाचे होते आणि त्याची भाषा इंग्रजी होती. वेळासला घडले ते निराळेच. येथे ज्ञान बाहेरून आले नाही. वाळूवरचा माग वाचण्याची विद्या गावात आधीपासून होती. फक्त ती कशासाठी वापरायची, हे बदलले. आमच्या समजुतीप्रमाणे कोकणच्या किनाऱ्याच्या अलीकडच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, आणि तिच्यावर मराठीत कादंबरी यायची आहे.

२०२२ च्या जानेवारीत वेळासच्या पुळणीवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवण्यात आले. तिचे नाव ठेवले 'प्रथमा'. अशा रीतीने मागोवा घेतली जाणारी ती या किनाऱ्यावरची पहिली, म्हणून हे नाव. पण प्रथमा म्हणजे प्रतिपदाही, आणि जिथे भरती तिथीवर मोजतात तिथे कासवाला तिथीचे नाव मिळावे, हा योग आम्हाला आवडला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. म्हणजे ती लंकेला वळसा घालून आली असणार. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा ही आपली विभागणी तिला मान्य नाही.

४

दुपारी केळशी. समुद्राकाठी वाळूची एक उंच टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास केला. टेकडीत शंख-शिंपले आणि माणसाच्या वस्तीचे अवशेष सापडले. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्सुनामीसारख्या लाटेने ही वाळू लोटली असावी, असे अनुमान त्यातून मांडले गेले. १५२४ मध्ये दाभोळच्या समुद्रात वास्को द गामाच्या ताफ्याला समुद्रकंप जाणवल्याची पोर्तुगीज नोंद आहे. तिच्याशी हा धागा जोडला जातो. हे अनुमान सर्वांना पटलेले नाही. आमच्यासारख्यांनी त्यात मत देण्याचे कारण नाही. एवढे मात्र समजले, की किनाऱ्याचे दप्तर शिंपल्यांत लिहिलेले असते आणि ते वाचायला शिंपल्यांची नावे आधी यावी लागतात.

ती नावे कोणाला येतात, ते चौथ्या दिवशी आंजर्ल्याच्या बाजूला पाहिले. त्रयोदशी होती. पौर्णिमा जवळ आल्याने दुपारी पावणेचारच्या ओहोटीला पाणी चांगलेच मागे गेले होते. खडपांवर पाच-सहा बायका वाकून कालवे फोडत होत्या. हातात लहानसे टोकदार लोखंडी हत्यार, कमरेला डबा. कालवाचे वरचे कवच एका फटक्यात उडवायचे, आतला गर डब्यात. हात कापू न देता हे करणे सोपे नाही. आम्ही प्रयत्न केला आणि दोन मिनिटांत अंगठा कापून घेतला. त्यांतली एक सत्तरीची बाई हसत म्हणाली, "राहू दे बाय, तुमचा हात पुस्तकातला."

त्यांच्याकडून वहीत बरेच उतरवून घेतले. कालवे, तिसऱ्या, खुबे, मुळे यांच्या जागा वेगळ्या, हंगाम वेगळे, चवी वेगळ्या. चिखलात उड्या मारणारी निवटी कुठे धरावी. खाजणात केव्हा जावे, तिवरांत केव्हा जाऊ नये. शब्दांना ठिकाण चिकटलेले होते आणि ठिकाणाला तिथी. मग आम्ही उत्साहाने दुर्बीण त्यांच्या हाती दिली आणि पाण्याच्या कडेने धावणारे लहान पक्षी दाखवले. आमच्या पुस्तकाप्रमाणे त्या थव्यात किमान तीन जाती होत्या. आजींनी पाहिले, दुर्बीण परत दिली आणि म्हणाल्या, "पाखरं आहेत. पाण्याबरोबर येतात, पाण्याबरोबर जातात."

हे उत्तर आम्ही वहीत जसेच्या तसे लिहून घेतले, कारण ते आमच्या मनातल्या एका गोड कल्पनेला छेद देणारे होते. लोकांना सगळे ठाऊक असते आणि शास्त्राला काही नाही, असे आपण साहित्यवाले फार सहज म्हणतो. वस्तुस्थिती तशी नाही. ज्याच्याशी पोटाचा संबंध, तिथे शब्द बारीक होतात. शिंपल्यांत आजी जे भेद करीत होत्या ते आमच्या पुस्तकात नव्हते. चिखल्या पक्ष्यांतले भेद त्यांना लागत नव्हते. व्हिडालच्या यादीला आजींची गरज आहे आणि आजींच्या शब्दांना यादीची. या दोघांची गाठ पडण्याची जागा खरे तर मराठीचा वर्ग ही असायला हवी होती. तिथे आम्ही लाल पेन घेऊन बसलो होतो.

निघताना विचारले, सुना-नाती येतात का खडपावर? आजी म्हणाल्या, "सून मुंबईला. नात येते शिमग्याला, पण तिला वास सोसत नाही." त्यात तक्रार नव्हती. सत्तराव्या वर्षी वाकून कालवे फोडणाऱ्या बाईने नातीसाठी तेच आयुष्य मागावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आम्हाला नाही. नातीने खडपावर यावे असे आम्हीही म्हणणार नाही. पण आजी गेल्यावर 'भांग' या शब्दाचे काय होणार, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

५

आंजर्ल्याला लागूनच मुर्डी आहे, श्री. ना. पेंडशांचे जन्मगाव. 'गारंबीचा बापू' आम्ही जितक्या वेळा शिकवली तितकी दुसरी कोणती कादंबरी शिकवली नसेल. व्हॅन थांबवून थोडा वेळ रस्त्यावर उभे राहिलो. पेंडशांच्या कोकणात आगरे आहेत, देऊळ आहे, वाडीतले हेवेदावे आहेत आणि माणसांचे अफाट हट्ट आहेत. भरती आणि ओहोटी यांच्या मधला पट्टा मात्र आमच्या आठवणीत कुठे ठळकपणे येईना. हा पेंडशांचा दोष मानण्याचे कारण नाही. लेखक आपले जग निवडतो. परंतु एकूण मराठी साहित्याकडे पाहिले तरी चित्र फार वेगळे नाही. ब्रायटनच्या किनाऱ्यावर सावरकरांनी १९०९ मध्ये सागराला साद घातली. कुसुमाग्रजांच्या कोलंबसाने त्याला आव्हान दिले. दोन्ही ठिकाणी समुद्र विराट आहे आणि कवीची नजर दूर. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्रा'त निसर्गाकडे महिन्यामहिन्याने पाहण्याची जी शिस्त मराठीला दाखवली, ती तिथीतिथीने बदलणाऱ्या पुळणीला अजून कोणी लावलेली नाही. इतिहासकाराची नजर किल्ल्यावर, कवीची क्षितिजावर. मधली ओली वाळू चिखल्यांना आणि कालवे फोडणाऱ्या बायकांना सोडून दिलेली.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहिला. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर टोपल्यांच्या रांगा, डोक्यावर कुरव आणि घारी. लिलावाची बोली इतकी भरभर चालली होती की आमच्या कानांना निम्मे शब्द लागेनात. मग एका मोठ्या पक्ष्याची सावली वाळूवरून सरकली. पांढरे पोट, करडे पंख, आखूड पाचरीसारखी शेपटी. समुद्री गरुड. गावाजवळच्या उंच झाडावर तो वर्षानुवर्षे एकच घरटे वाढवत नेतो, समुद्रसर्प आणि मासे आणून पिलांना भरवतो. आम्ही पुस्तकाचे पान काढेपर्यंत तो किल्ल्यामागे गेलाही होता. चालक म्हणाले, "ह्याचं घरटं माझ्या आजोळी होतं. २०२० च्या वादळात झाड पडलं." निसर्ग चक्रीवादळ त्या वर्षी ३ जूनला याच टापूवर आले होते. आम्ही विचारले, मग गरुड? "शेजारच्या आंब्यावर बांधलं त्यानं. दुसऱ्याच वर्षी."

त्यांना शिमग्यासाठी घरी पोहोचायचे होते. पालखी येणार होती. त्या रात्रीच आम्ही परत निघालो.

वहीची बासष्ट पाने भरली आहेत. त्यांतले निम्मे शब्द कोशांत सापडतील, काहींचे लेखन आम्ही चुकीचे केले असेल. या जूनमध्ये प्रादेशिक साहित्याचा पहिला तास कादंबरीने सुरू करायचा नाही, असे ठरवले आहे. फळ्यावर त्या दिवसाची तिथी लिहायची, तिची पाऊणपट करायची आणि विचारायचे, की आत्ता पाणी कुठे असेल आणि खडपावर कोण असेल. वर्गात एखादे पोर किनाऱ्यावरचे असेलच. ते जे बोलेल ते यावेळी आम्ही लिहून घेणार आहोत, निळ्या शाईने.